डोंगराची ओटी

सुलेखामावशींना कुणाच्याही घरून निघायची भारी घाई. चहा संपला की कप स्वतःच विसळायच्या आणि आम्ही "बसा हो" म्हणेपर्यंत दारात चप्पल घालून उभ्या. मला आधी वाटायचं, बाईंचा स्वभावच घायकुता. पण एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नीट लक्ष ठेवून बघितलं, तेव्हा कळलं. बाई निघाली की घरची बाई आतून करंडा आणते आणि तिला हळदकुंकू लावते, ही आपली रीत. तो करंडा बाहेर यायच्या आत मावशी जिन्यात पोचलेल्या असायच्या.

कॅलिफोर्नियात रेडलँड्सला आमच्या समोरच्याच अपार्टमेंटमध्ये त्या राहायच्या. मूळच्या नाशिककडच्या, वणीजवळच्या. नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान होतं आणि मावशी त्याच्या जोडीनं मशीनवर बसायच्या. तो तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा मुलगी, सीमा, शाळेत होती. मावशींनी दुकान बंद पडू दिलं नाही. सीमाला इंजिनिअर केलं आणि तिच्या मागोमाग अमेरिकेत आल्या. पुढं जावयाच्या नोकरीपायी सीमा न्यू जर्सीला गेली, आयसेलिनला. मावशी मात्र हलल्या नाहीत. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, असं सीमा फोनवर सांगायची. मावशींचं उत्तर ठरलेलं. दुकानं असतील, डोंगर आहे का?

डोंगर म्हणजे त्यांच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसायचा तो, सान हसिंतो. उन्हाळ्यात नुसता करडा, धुळकट, नजरेआड झाला तरी चालेल असा. पण डिसेंबरात पाऊस पडून आभाळ उघडलं की एका सकाळी तो अर्ध्यावरून पांढराशुभ्र झालेला असायचा. मावशी त्याला 'थोरली' म्हणायच्या. मी म्हटलं, डोंगर तो डोंगर, थोरली कुठली? तर म्हणाल्या, "एवढ्या उंचावर बाईच राहते. आमच्या वणीला बघ."

कामाला त्या एका लॉंड्रीवाल्याकडे जायच्या, कपडे अल्टर करायला. मालक कोरियन, गिऱ्हाइकं बहुतेक मेक्सिकन आणि मावशी नाशिकच्या. तिघांचं इंग्रजी फक्त त्या तिघांनाच कळायचं. लग्नाच्या मोसमात दुकानात नवऱ्यामुलींचे पांढरे गाऊन येऊन पडत. मावशी जमिनीवर बसून, तोंडात टाचण्या धरून, त्या ढीगभर पांढऱ्या कापडाची किनार वर घेत बसायच्या. नवरीमुलगी खूश होऊन मिठी मारायला आली की मावशी हसत मागे सरायच्या. इथल्या पोरींना वाटायचं, आजी लाजाळू आहे. मला खरं कारण माहीत होतं आणि त्याचा मला राग यायचा.

मी पुण्याची, कॉम्प्युटरवाली, आणि या विषयावर माझं तोंड फार लवकर सुटतं. एकदा मी करंडा घेऊन जिन्यापर्यंत त्यांच्या मागे धावले होते. हे सगळं खुळचट आहे, तुमच्यासारखी बाई इथल्या मराठी मंडळात दुसरी नाही, असं बरंच काही बोलले. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं भाषण? मग जा, कुकरची तिसरी शिट्टी झाली." पुन्हा मी त्यांच्या मागे धावले नाही.

दोन हजार पाचच्या त्या हिवाळ्यात इकडे पाऊस नुसता कोसळला. जानेवारीअखेर डोंगर पार पायथ्याकडे पांढरा झाला होता. त्याच सुमारास सीमाला दिवस गेल्याचं कळलं आणि मावशींचं न्यू जर्सीला जायचं पक्कं झालं, मार्चमध्ये. सामान बांधायला मदत करायला मी गेले होते. मावशी खिडकीशी उभ्या होत्या.

"आश्लेषा, त्या डोंगरावर जाता येतं ना गं? पाळण्यातून?"

पाम स्प्रिंग्जहून केबल कार जाते, मी म्हटलं. चला की, पुढच्या शनिवारी जाऊ.

"मला तिची ओटी भरायची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या आधी कधीच बोलल्या नव्हत्या. नवरा गेल्यावरही त्या दर वर्षी वणीच्या गडावर जायच्या. ओटीचं सगळं सामान त्यांचंच. खण त्यांनी निवडलेला, तांदूळ त्यांनी निवडलेले. पण देवीपुढे ते ठेवायचं धाकट्या जावेनं, कारण ती सवाष्ण. मावशींनी मागे पिशवी धरून उभं राहायचं. कुणी तसं करायला लावलं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांचीच हिंमत होत नव्हती. आपल्या हातचं तिनं घेतलं नाही तर काय, ही भीती.

"इथल्या थोरलीला माझं काही ठाऊक नाही," मावशी म्हणाल्या. "तिनं घेतलं तर घेतलं. एकदा बघायचं आहे मला."

असल्या वेळी मला भाषण सुचायला हवं होतं. पिशवी मी धरीन, एवढंच म्हटलं.

शनिवारी माझा नवरा शंतनू गाडी घेऊन निघाला. मावशींनी साडीच्या आत सीमाची जुनी पँट चढवली होती, वर सीमाचंच जांभळं जाकीट, आणि मांडीवर ओटीची कापडी पिशवी. पवनचक्क्या मागे पडल्या, रस्त्याकडेला ताडाची झाडं आणि निवडुंग सुरू झाले. खाली चक्क ऊन चटकत होतं. टी-शर्टातली माणसं आइस्क्रीम खात होती आणि आम्ही तिघं टोप्या-मफलर घेऊन रांगेत उभे.

केबल कारची ती गोल खोली सुरू झाली तशी तिची जमीन हळूहळू फिरायला लागली, म्हणजे सगळ्यांना सगळीकडचं दिसावं. हे शंतनूला कुणी सांगितलं नव्हतं. तो मधल्या खांबाला धरून डोळे मिटून उभा राहिला. मी काचेशी गेले. खडकाचा कडा इतका जवळून वर सरकत होता की त्याच्या भेगांतलं गवत दिसत होतं. खाली निवडुंग बारीक होत गेले, मग दिसेनासे झाले. एकेका मनोऱ्यावरून जाताना पाळणा झुलायचा आणि सगळी माणसं एका सुरात ओरडायची. मावशी ओरडल्या नाहीत. पहिला सुरूसारखा वृक्ष दिसला, मग त्याच्या बुंध्याशी पांढरा ठिपका, मग ठिपक्यांचा पट्टा, आणि मग खडक, झाडं, दऱ्या सगळंच पांढरं. मावशींनी काचेवर हात टेकला होता. तो त्यांनी वर पोचेपर्यंत काढला नाही.

"पोटात कसंतरी होतंय," शंतनू वर उतरल्यावर म्हणाला. त्याला तिथल्या रेस्टॉरंटमध्ये गरम चॉकलेटच्या हवाली केलं आणि आम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर पडलो.

दार उघडलं आणि थंडीनं श्वासच अडवला. खाली उतरत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ. मावशी वाटेत थांबल्या, हातमोजा काढला आणि बोटाच्या टोकानं बर्फाला हात लावला. दहा वर्षं रोज खिडकीतून बघितलेली ती वस्तू. मग मूठभर घेऊन त्यांनी ती गालाला लावली आणि डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

खाली बर्फावर चालायचे पसरट बूट भाड्यानं मिळत होते. मावशी बघून म्हणाल्या, पायाला सुपं बांधायची की काय? पण बांधल्यावर माझ्याहून ताठ चालायला लागल्या. हवा विरळ, मला चार पावलांत धाप लागत होती. त्या पुढे, मी मागे पिशवी घेऊन. झाडं एवढी उंच की शेंडा बघायला मान मोडावी. मधेच एखाद्या फांदीवरचा बर्फ आपणहून सुटायचा आणि पिठासारखा भुरभुरत खाली यायचा. त्याचाही आवाज होत नसे. हळूहळू माणसांचे आवाज मागे राहिले आणि मग आवाज असा उरलाच नाही. मी आयुष्यात इतकी शांतता ऐकलेली नव्हती. माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

बरंच चाललो. मग झाडं संपली आणि समोर मोकळं मैदान आलं. त्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग पांढरं, उन्हात चमचमणारं, आणि झाडांच्या सावल्या पडलेल्या तिथं निळं. पलीकडे शिखर. उजवीकडे डोंगर तुटला होता आणि तिथून, पार खाली, ते तापलेलं वाळवंट दिसत होतं, जिथं माणसं आइस्क्रीम खात होती. मी देवबिव मानत नाही. पण तिथं उभी राहिले आणि मला भीती वाटली. आपण फार बारीक आहोत आणि हे सगळं आपल्याकडे बघतंय, अशी. त्या भीतीत बरंही वाटत होतं. हे मी शंतनूलाही नीट सांगू शकलेले नाही.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या ते पुसत नव्हत्या.

"केवढा पन्हा आहे गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठंच शिवण नाही."

मग त्या खाली बसल्या आणि पायातलं सगळं काढायला लागल्या. सुपंही आणि बूटही. मी ओरडले, बोटं झडून पडतील. देवापुढं पायताण घालून बसू का, असं म्हणून त्यांनी नुसत्या मोज्यांनिशी गुडघे टेकले. दोन्ही तळहातांनी बर्फ दाबून पाटाएवढी जागा सपाट केली. मी पिशवीतून एकेक वस्तू देत गेले. हिरवा खण, लाल काठाचा, घडी घातलेला. त्यावर ओंजळीनं तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक. मग नारळ. नारळ ठेवला तसा अर्धा आत रुतला, जणू कुणी खालून धरला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

शेवटी हळदकुंकू. कुंकवाची डबी उघडताना गारठलेली बोटं वळेनात. झाकण एकदम निघालं आणि अख्खी डबी सांडली. एवढंसं कुंकू, पण त्या पांढऱ्यावर ते असं पसरलं की माझ्याच काळजात चर्र झालं. मावशी हात पुसायला गेल्या, ओल्यानं ते आणखी पसरलं. हात लाल, गुडघ्यापुढचा बर्फ लाल, साडीच्या निऱ्या लाल. त्या मात्र शांत होत्या. भरपूर पडलं, बरंच झालं, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

मैदानाच्या पलीकडून स्कीवर एक जोडपं येत होतं. त्यांना काय दिसलं असेल ते आता कळतं. एक म्हातारी बर्फात बूट काढून गुडघ्यावर पडलेली, हात लालभडक, आजूबाजूला लाल सडा, आणि शेजारी एक बाई हातात पिशवी घेऊन नुसती उभी. जोडप्यातली बाई किंचाळली आणि पुरुष आल्या वाटेनं परत पळाला. मी हात हलवून काही नाही, काही नाही म्हणत राहिले. त्यानं उलट अधिकच संशय वाढला असणार.

थोड्याच वेळात रेंजर धापा टाकत आली. तरुण पोरगी, पाठीवर औषधांची पेटी. मावशींना हलू नका म्हणाली, शेजारी गुडघ्यावर बसली आणि मावशींचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून बघायला लागली. जखम सापडेना. तिनं मनगटं बघितली, कोपर दाबले, पाय चाचपले. मावशी कधी कुणाला हात लावू देत नसत. त्या गोंधळून नुसत्या बघत राहिल्या.

मला त्या वेळी जे इंग्रजी सुचलं ते मी बोलले. हे रक्त नाही, पावडर आहे. पूजेची. आमच्याकडे डोंगर ही देवी असते आणि आम्ही तिला भेट देतो, कापड, तांदूळ, नारळ. रेंजर माझ्याकडे बघत राहिली, मग नारळाकडे, मग तिथंच बर्फात फतकल मारून बसली आणि खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी हसली. त्या जोडप्याला तिनं लांबूनच खूण केली, सगळं ठीक आहे.

पण मग ती ओशाळली. हे इथं ठेवता येणार नाही, म्हणाली. डोंगरावर आणलेली प्रत्येक गोष्ट परत न्यावी लागते, नियमच आहे. तांदूळ पक्षी-प्राणी खातात, ते त्यांना चांगलं नाही. तो लाल बर्फसुद्धा उचलावा लागेल. तिनं दोनदा सॉरी म्हटलं.

मावशींना नियम नीट कळला. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांचा चेहरा विझला.

"बघितलंस?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नाही घेतलं तिनं. माझ्या हातचं नाही घेतलं."

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रागही आला होता, नियमाचा, वणीचा, धाकट्या जावेचा, कुणाचा ते मलाच कळत नव्हतं. पक्ष्यांचा प्रश्न आहे मावशी, देवीचा नाही, असं काहीबाही मी म्हटलं. मावशी ऐकत नव्हत्या. बूट ओढून घालत होत्या, निघायच्या घाईनं. ती घाई मी चांगली ओळखत होते.

तेवढ्यात रेंजर आपणहून कामाला लागली. तिला आमच्याबद्दल वाईट वाटलं असावं. तिनं हातमोजे काढले आणि खणावरचे, बर्फात सांडलेले तांदूळ ओंजळीत गोळा केले. सुपारी, हळकुंड, खारीकही उचलली. भरली ओंजळ घेऊन ती मावशींपुढं उभी राहिली आणि हे कशात ठेवू, असं विचारलं. माझ्या हातात पिशवी होती. मी तिचं तोंड उघडून पुढं केली.

आणि मला दिसलं. एक बाई दोन्ही हातांत तांदूळ घेऊन दुसऱ्या बाईपुढं उभी आहे. पायाशी खण आहे, नारळ आहे. मी पिशवी मागं घेतली.

"मावशी, पदर घ्या."

"काय?"

"ती परत करत नाहीये, मावशी. ती भरतेय."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या एक पाऊल मागे सरल्या. पाऊल बर्फात रुतलं. रेंजरच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं, हात थंडीनं लाल झाले होते, तरी ती ओंजळ तशीच धरून होती. मॅम, असं तिनं हळूच म्हटलं.

मावशींनी जाकिटाची चेन खाली ओढली. आतून पदर काढला, दोन्ही हातांनी पसरला आणि पुढं धरला.

रेंजरनं तांदूळ त्यात घातले. मग वाकून राहिलेले गोळा केले, पुन्हा घातले. पुन्हा एकदा. मग खण झटकून नीट घडी करून ठेवला. शेवटी नारळ उपसून काढला, त्याच्या शेंडीला लागलेला बर्फ झाडला आणि दोन्ही हातांनी पदरात ठेवला. यापेक्षा व्यवस्थित ओटी मी मंडळात कुणाला भरताना बघितलेली नाही. मावशींनी पदर कमरेला खोचला आणि त्या पोरीला वाकून नमस्कार करायला लागल्या, तेव्हा तिनं घाबरून त्यांना वरच्या वर धरलं. त्यांना चक्कर येतेय असं वाटलं तिला.

गाडीत खाऊन संपवलेल्या थालीपिठांचा रिकामा डबा पिशवीत होता, लाल बर्फ आम्ही त्यात भरला. परत येताना मैदान संपलं तशा मावशी वळल्या आणि बराच वेळ शिखराकडे बघत उभ्या राहिल्या. ऊन कलतं झालं होतं आणि तो सगळा पांढरा पन्हा पिवळसर होत चालला होता.

पाळण्यात शंतनूनं विचारलं, नारळ पोटाशी का धरलाय, पिशवीत टाका की. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा डोळे मिटून खांबाला जाऊन चिकटला. मावशी सबंध वाट खोचलेल्या पदरावर हात ठेवून उभ्या होत्या. खाली वाळवंटात पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. ते त्यांनी घरी आल्यावर कुंडीतल्या तुळशीला घातलं.

न्यू जर्सीला जायच्या आदल्या दिवशी मावशी आमच्याकडे आल्या, त्या तांदळांचा आणि त्या नारळाचा नारळीभात घेऊन. अंगात हिरव्या खणाचं ब्लाउज होतं, लाल काठ बाहीला लावलेला. इतकी वर्षं लोकांच्या मापाचे कपडे बेतले, हे माझ्या मापाचं, असं म्हणाल्या आणि बाही ओढून दाखवली. भात खाल्ला, चहा झाला, नेहमीसारखा त्यांनी कप विसळला. मग दारात जाऊन चप्पल घातली.

मी तिथंच बसून राहिले. पुन्हा मागे धावायचं नाही असं मी ठरवलेलं होतं.

मावशी गेल्या नाहीत. त्यांनी घातलेली चप्पल काढली, परत आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"थांबलेय गं मी," त्या म्हणाल्या. "आण."

मी आत पळाले. करंडा रोजच्याच जागी होता, पण मला तो पटकन सापडेना.